होजला लावलेला काळा रंग

मला होज आवडतात. मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी हे एकदा बोलून बसले होते. मुलाच्या आईने विचारलं, "आवडनिवड काय आहे?" आणि मी रांगोळी-बिंगोळी सोडून खरं ते सांगितलं. वर होज म्हणजे काय हेही समजावायला लागले. पोहे ताटलीत तसेच राहिले आणि पाहुण्यांना अचानक बसची वेळ आठवली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आजही कुणी विचारलं तर माझं उत्तर तेच असतं, आणि सांगताना माझा आवाज चढतो तो चढतोच.

होज म्हणजे नळी. फोर्कलिफ्ट तुम्ही पाहिली असेल, पुढे दोन लोखंडी दाते असलेली, गोदामातून माल उचलून नेणारी बुटकी गाडी. ती एका वेळी दोन-तीन टन सहज उचलते. ही ताकद इंजिनातून थेट दात्यांपर्यंत जात नाही. ती तेलातून जाते, आणि ते तेल धावतं रबरी होजमधून. जाडीला माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा जास्त. वर काळं रबर, आत पोलादी तारांची वीण, त्याच्याही आत पुन्हा रबर. एवढ्याशा नळीत एवढा दाब राहतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वर्गात बाकावरून उठून उभी राहिले होते. सर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही सर, भारी आहे.

त्याचं मूळ घरी होतं. राहुरीजवळ आमची शेती. वडिलांकडे मुरूम वाहायची ट्रॉली होती, मागे कलणारी. वडील ट्रॅक्टरवर बसून एक दांडी ओढायचे आणि मुरमाने भरलेली ट्रॉली हळूहळू वर जायची. मी लहान होते. मला वाटायचं, वडीलच ती उचलतात. एक दिवस ती अर्ध्यावर अडकली, खाली तेलाचं थारोळं साचलं, आणि वडील म्हणाले, "पाइप फुटला." म्हणजे सगळं त्या पाइपवर होतं तर. वडिलांबद्दलचा आदर थोडा कमी झाला आणि पाइपबद्दलचा वाढला, तो अजून तसाच आहे.

डिप्लोमा झाला आणि नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला लागले. पंपांची ओतीव कवचं तिथे बनायची. मेंटेनन्स खात्यात मी पहिलीच मुलगी. पहिल्या दिवशी मी घरून स्वतःचा पान्यांचा संच घेऊन गेले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. साहेबांनी संचाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या केबिनबाहेरचं एक टेबल दाखवलं. "तुझं अक्षर चांगलं असेल. रजिस्टरं सांभाळ."

साहेब वाईट माणूस नव्हते. शब्दाचे पक्के, आवाज कधी चढवायचे नाहीत. पण मुलगी म्हणजे टेबल, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट होतं, की त्यात माझा अपमान आहे हेही त्यांना कळत नव्हतं. मी वर्षभर त्या टेबलावर बसले. कुठलं बेअरिंग कधी बदललं, कुठली मोटर कधी जळाली, हे लिहीत. दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त्या सुंदर अक्षरात लिहिणं यासारखी शिक्षा नाही. माझे पाने ड्रॉवरमध्ये पडून होते आणि मी रोज एकदा ड्रॉवर उघडून त्यांच्याकडे बघायचे.

त्या रजिस्टरांतूनच माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे तीन फोर्कलिफ्ट होत्या. त्या बंद पडल्याच्या जेवढ्या नोंदी मी लिहीत होते, त्यांतल्या निम्म्या एकाच वाक्याच्या होत्या: होज फुटला, होज बदलला. मी साहेबांना म्हटलं, "फुटायच्या आधी का बदलत नाही?" ते म्हणाले, "फुटायच्या आधी कसं कळणार फुटणार म्हणून? फुटला की बदलू." खात्यातल्या सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. फुटला की बदलू. जणू होज म्हणजे दिवाळीतला फटाका.

आणि मग श्रावणात एक नंबरच्या गाडीचा होज फुटला. ही गाडी मामांची. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर, जामखेडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, नगरात खोली करून राहायचे. कवचांनी भरलेली लोखंडी पेटी दात्यांवर अर्धी वर गेलेली असताना खालचा होज गेला. पेटी हळूहळू खाली बसली, त्यामुळे कुणाला लागलं नाही. पण शेडभर तेल पसरलं, दोन माणसं घसरून पडली आणि अर्धा दिवस माल हलला नाही. मी धावत गेले. फुटलेला होज हातात घेतला तर त्याच्यावर भेगाच भेगा, उन्हाळ्यात आमच्या शेतात पडतात तशा. महिनोन्‌महिने तो सगळ्यांना सांगत होता की मी जाणार आहे. कुणी बघितलंच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी तो होज तसाच तेल गळत साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, "साहेब, होज मला द्या. तिन्ही गाड्यांचे. रोज शिफ्टच्या आधी मी बघणार, बदलायचे ते सुट्टीच्या दिवशी बदलणार. दिवाळीपर्यंत कामाच्या वेळेत होजपायी एकही गाडी उभी राहिली, तर मी परत टेबलावर बसेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही." साहेब आधी टेबलावरचं तेल पुसत राहिले. मग म्हणाले, "आणि नाही राहिली तर?" मी म्हटलं, "तर टेबलावर दुसरं कुणीतरी बसवा." ते म्हणाले, "ठरलं."

ही अट कुणी माझ्यावर लादली नव्हती. मीच तोंडाने मागून घेतली होती. हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

ते अडीच महिने कसे गेले ते सांगते. राहुरीहून पहिली एसटी पकडायची, शिफ्ट सातची, मी साडेसहाला शेडमध्ये. हातात टॉर्च, खिशात खडू, बगलेत नवं रजिस्टर. प्रत्येक होजला मी पत्र्याचा छोटा बिल्ला बांधला आणि त्यावर नंबर ठोकला. खाली वाकून, गाडीखाली आडवी होऊन, शिडी लावून वर चढून मी ते होज बघायचे. होजवर कारखान्यात छापलेली एक बारीक पांढरी ओळ असते. ती वाचता आली की होजची कुंडलीच हातात येते, कोणत्या सालातला, किती दाब सोसणारा. शिवाय ती ओळ सरळ असायला हवी. ती नळीभोवती वळसे घेत गेली असेल, तर समजायचं, बसवणाऱ्याने होज पिळून बसवलाय आणि तो लवकर जाणार. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण दोन नंबरच्या गाडीखाली प्रत्यक्ष ती वळसे घेणारी ओळ दिसली, तेव्हा मी गाडीखालूनच ओरडले, "सापडला." वर कुणीतरी विचारलं, "काय, उंदीर?"

मामा माझ्या या उद्योगाकडे आधी नुसते बघत राहिले. मग चेष्टा सुरू झाली. "ताई, रातच्याला झोपल्या का होज? अंगावर पांघरून घातलं का?" त्यांना एक सवय होती. गाडी चालू असताना होजवरून हात फिरवायचे, तेल लागतंय का बघायला. मी ते पाहिलं आणि त्यांच्या अंगावरच धावून गेले. म्हटलं, "मामा, हात काढा." होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं असेल तर त्यातून तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही, आणि ती कातडीतून सरळ आत शिरते. बाहेरून दिसतो एक ठिपका, आणि आतून बोट सडतं. मी हे जरा जास्तच मोठ्याने सांगितलं असणार, कारण मामा चार माणसांसमोर ओशाळले आणि गाडीवर जाऊन बसले. मला वाईट वाटलं. पण चूक मला दिसली की माझी जीभ थांबत नाही, हा माझा जुना रोग आहे. दुसऱ्या दिवशी मामांनी बिस्किटांच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणला आणि माझ्यासमोर तो होजवरून फिरवून दाखवला. "आसं ना? तेल आसंल तर ह्याच्यावर उमटंल." म्हटलं, "अस्संच." तिथून आमचं जमलं.

एक-एक सुट्टी घालवून मी अकरा होज बदलले. स्टेशन रोडच्या होजच्या दुकानात मी जुना तुकडा घेऊन जायचे, त्याच मापाचा नवा बनवून घ्यायचे. दुकानदार आधी विचारायचा, "सोबत कोण आलंय?" नंतर विचारेनासा झाला. गणपती गेले, पितृपक्ष गेला, घटस्थापना झाली. तिन्ही गाड्यांपैकी एकही होजपायी उभी राहिली नव्हती. साहेब काही बोलायचे नाहीत, पण माझ्या रजिस्टरवर सही करताना आता ते पान वाचायचे. मी हवेत होते. घरी जेवताना मी आई-वडिलांना होज सांगायचे, आणि वडील चक्क ऐकायचे.

आता खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. घरी वडील नांगराचा फाळ, कोयते, खुरपी धुऊन मांडतात, ट्रॅक्टरला रंगाचा हात मारतात. तुमची भाकरी ज्याच्या जोरावर येते त्याला त्या दिवशी नवं करायचं, असं मी लहानपणापासून बघत आले. कारखान्यातही तेच. आदल्या दिवशी दुपारनंतर काम थांबतं आणि सगळं खातं धुवायला, पुसायला, रंगवायला लागतं. लेथला रंग, ड्रिलला रंग, अगदी पाणी प्यायच्या टाकीलासुद्धा रंग. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याच्यावरून त्या दिवशी ब्रश फिरतो.

मामांची गाडी म्हणजे दरवर्षीचं आकर्षण. अंग पिवळं, चाकांच्या मधल्या थाळ्या चंदेरी, बाकी काळं. मामा स्वतः रंगवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या वर्षी त्यांनी काळ्या रंगाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "होज तुमचे ना? मग तुमीच सजवा." मला इतका आनंद झाला की आता लिहितानाही गालावर हसू येतं. एक वर्ष मी त्या खात्यात परकी होते, आणि आज मामांनी आपल्या गाडीचा ब्रश माझ्या हातात दिला होता. मी बाह्या वर केल्या. एकेक होज चिंधीने पुसला आणि ऑइल पेंटचा हात मारला. एक हात देऊन भागेना म्हणून दुसरा दिला. असे चकाकले की मी चार पावलं मागे जाऊन बघत राहिले. मामा म्हणाले, "नवरीवानी दिसाया लागली." डबा तिथेच संपला, म्हणून बाकीच्या दोन गाड्या वाचल्या.

नवमीला पूजा झाली. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. साहेबांनी मामांच्या गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "यंदा चमक वेगळीच आहे." मी लाजले. दसऱ्याची सुट्टी राहुरीला काढली. मामा जामखेडला जाऊन आले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला शेडमध्ये पोचले. सणाचे थांबलेले दोन ट्रक फाटकातून आत येऊन उभे होते. सातला भरायला सुरुवात व्हायची होती. मी रोजच्यासारखी टॉर्च लावली आणि मामांच्या गाडीसमोर उभी राहिले.

मला काहीच दिसेना.

काळं, चकचकीत, सारखं. पांढरी ओळ नाही, साल नाही, पीळ नाही. बिल्ल्यांवरचे नंबर रंगात बुडालेले. भेग आहे की नाही, कळायला मार्ग नाही. मी रजिस्टर उघडलं. माझ्याच सुंदर अक्षरातली नोंद: सात नंबर, वरच्या पुलीवरून जाणारा, बारीक फुगवटा, खडूचं कडं केलं आहे, रोज बघणे, दसऱ्यानंतरच्या सुट्टीला बदलणे. नवा होज करून आणलेला होता, कपाटात तयार होता. शिडी लावली, वर चढले. खडूचं कडं रंगाखाली गेलं होतं. फुगवट्याच्या जागी रंग जाड होऊन बसला होता. फुगवटा वाढलाय की रंगच वाढलाय, मला सांगता येईना. सात नंबर म्हणजे दाते डावी-उजवीकडे सरकवणारा होज. तो ऑपरेटरच्या बरोबर समोरून, तोंडाच्या उंचीवरून जातो.

अडीच महिने मी जगाला सांगत होते, डोळे उघडे ठेवा. आणि मीच माझ्या डोळ्यांना पट्टी बांधून ठेवली होती, दोन हात देऊन, वर लाजून. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. शिडीवर उभ्या उभ्या मला रडू यायला लागलं आणि मला स्वतःचा इतका राग आला की ते आलं नाही.

मामा आले. कपाळाला गुलाल तसाच होता. त्यांनी खिशातून आपट्याची पानं काढून मला सोनं दिलं, मी वाकून नमस्कार केला. ते गाडीवर चढले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. सातला पाच कमी. ट्रकवाल्यांनी फाळके उघडले.

मला सगळं स्पष्ट माहीत होतं. गप्प बसले, तर बहुतेक काही होणार नव्हतं. पाच दिवसांनी सुट्टी होती, तेव्हा गुपचूप बदलून टाकता आला असता. दिवाळीला जेमतेम अडीच आठवडे राहिले होते. गाडी थांबवली तर ती कामाच्या वेळेत होजपायी उभी राहणार, म्हणजे माझ्याच तोंडची अट माझ्यावर उलटणार, म्हणजे टेबल. मला ते टेबल नको होतं.  आणि मामांचा चेहरा त्या होजच्या मागे दोन हातांवर होता, गुलालासकट.

"मामा, खाली उतरा," मी म्हटलं.

"कामून?"

"होज बदलायचाय."

"आत्ता?" त्यांचा चेहरा उतरला. "ताई, परवा पूजा झाली गाडीची. पयल्याच दिवशी उभी करता? आवसान जातं गाडीचं."

"मामा, उतरा."

ते उतरले आणि लांब जाऊन उभे राहिले. खरं सांगायचं तर ते रागावले होते आणि दुखावलेही होते. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "एक नंबरची गाडी मी उभी केलीय. सात नंबरचा होज बदलते. सव्वा तास लागेल."

साहेबांनी खिडकीतून ट्रकांकडे बघितलं. "फुटला?"

"नाही."

"गळतोय?"

"नाही. दिसत नाहीये. मी त्याच्यावर रंग दिलाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तू?"

"मी. दोन हात."

साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. "जा, बदल," म्हणाले.

पुढचा सव्वा तास मी असं काम करत होते की मला तहानसुद्धा लागली नाही. दाते जमिनीला टेकवले. इंजिन बंद असतानाच दांड्या पुढे-मागे केल्या, म्हणजे आत कोंडलेला दाब निघून जातो. खाली ट्रे ठेवला, दोन्ही टोकांचे नट सैल केले, जुना होज काढला, उघड्या तोंडांना टोपणं लावली, नवा बसवला, पांढरी ओळ सरळ ठेवून. गाडी सुरू केली, दाते सरकवून बघितले, पुठ्ठा फिरवला. कोरडा. होज बसवताना मी कधीच उदास राहू शकत नाही, त्या दिवशीसुद्धा राहिले नाही. हात कामात होते तोवर मी आनंदात होते, याचं मला आजही नवल वाटतं.

मग मी जुना होज फुगवट्यापाशी वाकवला. रंग तडकला आणि त्याच्याबरोबर खालचं रबरही उघडलं. आत तारा गंजून लाल झाल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच तुटलेल्या होत्या. मामा इतका वेळ लांब उभे होते. ते पुढे आले. त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, तुटलेल्या तारांना नख लावून पाहिलं. मग गाडीवर चढून बसले आणि तो तुकडा त्याच्या मूळ जागी हवेत धरला. बराच वेळ तसेच धरून बसले. ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा तुकडा पायाशी ठेवून त्यांनी गाडी सुरू केली.

साहेबांनीही शेडमध्ये येऊन मामांच्या पायाशी पडलेला तो तुकडा उचलून बघितला, मामांसमोरच. "आज फुटला असता?"

खोटं बोलायची तीच वेळ होती. हो म्हटलं असतं तर मी शूर ठरले असते. "माहीत नाही साहेब," मी म्हटलं. "आज, पुढच्या आठवड्यात, कदाचित महिन्याने. ते सांगता येत नाही, म्हणून तर बघायचं असतं. आणि मी बघायची सोयच ठेवली नव्हती."

साहेबांनी थोडा वेळ माझ्या रजिस्टरची पानं चाळली. मग म्हणाले, "कामाच्या वेळेत गाडी उभी राहिली."

"हो."

"अट तुझीच होती."

"माझीच होती."

"उद्यापासून टेबल." त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. वाद घालायला जागाच नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. उरलेला दिवस मी मामांच्या गाडीचे बाकीचे सगळे होज टर्पेंटाइन लावलेल्या चिंधीने हलक्या हाताने पुसत बसले, जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट सुटल्यावर. निघेल तेवढा रंग काढला. ज्यांचा निघाला नाही त्यांची यादी केली, सुट्टीला बदलायची, जो कुणी बदलेल त्याच्यासाठी. एसटीत बसल्यावर मात्र रडले. शेजारच्या बाईने विचारलं, "कुणी गेलं का गं?" मी म्हटलं, "नाही मावशी, होज." तिने मला शेंगदाण्याचा लाडू दिला.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला टेबलावर होते. पाने ड्रॉवरमध्ये. पुढ्यात मोटरींचं रजिस्टर. शेडकडे बघायचं नाही असं ठरवून मी शेडकडे पाठ केली होती.

सातला पाच कमी असताना मामा आले. मला वाटलं, साहेबांकडे काम असेल. ते माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"जावा ताई, बघून या. मी बसतो हितं."

"मामा, माझी बदली झाली. मी आता टेबलावर आहे."

"आसाल. माजी गाडी कुटं टेबलावर हाय? ती शेडातच हुबी हाय."

मी काही बोलणार तोच बाकीचे दोन ऑपरेटर आले. तेही उभे राहिले, एक भिंतीला टेकून, एक कपाटाला.  सात वाजले, भोंगा झाला. सात वाजून पाच मिनिटं झाली. साहेबांच्या केबिनमध्ये फोन वाजला, माल पाठवणाऱ्या खात्याचा असणार, कारण साहेब "बघतो, बघतो" म्हणत बाहेर आले.

"काय चाललंय? गाड्या का हलत नाहीत?"

मामा उठून उभे राहिले. "साहेब, होज तपासल्याबिगर मी गाडीवर चढत न्हाई."

"मग दुसरा फिटर पाठवतो तपासायला."

"त्येनं बी तपासावं. पर काल ही पोरगी म्हनली, चूक माजी हाय, आन गाडी हुबी केली. टेबलावर बसाया लागंल ह्ये ठाव आसून केली. तिनं गप ऱ्हायाचं ठरवलं आसतं तर मला कुटं कळनार हुतं?" त्यांनी शेडकडे बोट दाखवलं. "माज्या तोंडाम्होरला होज मला आसल्याच मानसानं बघितलेला पायजे."

मी मान खाली घातली. पुढ्यातलं रजिस्टर मला धूसर दिसत होतं.  आत फोन पुन्हा वाजायला लागला होता आणि साहेब उचलायला जात नव्हते.

"तिन्ही गाड्या बघायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस मिनिटं," मी म्हटलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे बघून, त्याच न चढणाऱ्या आवाजात म्हणाले, "मग इथं बसलीस कशाला?"

मी उठले. ड्रॉवर उघडा तसाच राहिला. शेडपर्यंत मी पळत गेले, आणि मामा मागून त्यांच्या चालीने चालत आले.